सीएफओंना चौकशीचे समन्स येण्याआधी कंपनीने काय तयारी ठेवावी?

प्रश्न : कंपनी सचिव, जळगाव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या एका पाइप कंपनीत मी कंपनी सचिव आहे. आमच्या एका पुरवठादाराकडे नुकतीच जीएसटीची तपासणी झाली आणि त्याच्या बिलांवरून चौकशी आमच्यापर्यंत येईल, अशी धास्ती आमच्या सीएफओंना (मुख्य वित्त अधिकाऱ्यांना) वाटते. दर तिमाहीच्या निकालांत खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान नाही, असे प्रमाणपत्र सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार ते सीईओंसोबत सही करून देतात. परंतु अधिकाऱ्यासमोर बसून जबाब देण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही. "माझ्यावर व्यक्तिशः प्रकरण झाले, तर वकिलाचा खर्च कोण करणार?" असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. संचालक मंडळापुढे कोणता प्रस्ताव ठेवावा?

उत्तर : निवृत्त सीएफओ, धुळे

ताई, तुमच्या सीएफओंनी विचारलेला प्रश्न मी वेळेवर विचारला नव्हता. माझ्या जुन्या कंपनीत चौकशी लागली तेव्हा कंपनीचा वकील तोच माझाही वकील, असे मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे सांगितले की त्यांचे अशील कंपनी आहे आणि माझे म्हणणे कंपनीच्या म्हणण्यापेक्षा वेगळे निघाले तर ते माझ्या बाजूने उभे राहू शकणार नाहीत. त्या रात्री मुंबईतला वकील शोधताना पहिल्या भेटीची फी मी घरच्या ठेवीतून भरली. म्हणून स्वतंत्र वकील केव्हा द्यायचा, त्याची फी कंपनीने आगाऊ भरायची की नंतर परत द्यायची आणि गैरकृत्य सिद्ध झाल्यास ती रक्कम कशी वसूल करायची, हे सारे आजच लेखी करारात घ्या. चौकशी सुरू झाल्यावर मंडळातील प्रत्येक जण आपापली बाजू सांभाळू लागतो आणि तेव्हा असा ठराव होणे कठीण जाते.

उत्तर : वकील, जळगाव

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 70 खाली समन्स काढून होणारी चौकशी न्यायिक कार्यवाही समजली जाते, त्यामुळे तिथला जबाब ही साधी विचारपूस नव्हे. मात्र ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली आहे की सीईओ, सीएफओ यांसारख्या वरिष्ठांना पहिल्याच टप्प्यावर सहसा समन्स काढू नये. महसूल बुडण्यास कारण ठरलेल्या निर्णयात त्यांचा सहभाग तपासातून स्पष्ट दिसत असेल, तेव्हाच त्यांना बोलवावे. समन्स हाती पडताच त्यावरील दस्तऐवज ओळख क्रमांक मंडळाच्या पोर्टलवर जुळतो का, हे पाहावे.

सरावासाठी दोन तास काढून तुमच्या सीएफओंना समोर बसवा आणि त्या पुरवठादाराच्या बिलांवर प्रश्न विचारा : माल खरोखर आला का, वजनकाट्याची पावती कुठे आहे, ई-वे बिल कोणी तपासले, पैसे कोणत्या खात्यातून गेले. आठवत नसेल तर "कागद पाहून सांगतो" असे म्हणण्याची सवय लागली पाहिजे, कारण अनुभवी माणसे अंदाजाने उत्तर देतात आणि पुढे त्याच अंदाजात अडकतात. आणि आजपासून एकही ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश कोणी पुसू नये, असे लेखी कळवा.

उत्तर : विमा सल्लागार, नाशिक

संचालक व अधिकारी दायित्व विमा, म्हणजे डी अँड ओ, घेतलेला आहे का? कंपनी कायदा 2013 च्या कलम 197(13) नुसार सीएफओंसाठी कंपनीने भरलेला असा हप्ता त्यांच्या मोबदल्यात धरला जात नाही. ते दोषी ठरल्यास मात्र धरला जातो. पॉलिसी वाचताना तीन गोष्टी पाहा. केवळ चौकशीसाठी बोलावल्यावरचा खर्च मिळतो की औपचारिक आरोप झाल्यावरचाच? वकिलाची फी विमा रकमेतूनच वजा होते का? एकच रक्कम सर्व संचालकांत वाटली जाणार आहे का? दंडाची भरपाई अशा पॉलिसीत बहुधा वगळलेली असते. पुरवठादाराकडील तपासणीची माहिती विमा कंपनीला वेळेत कळवली नाही, तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून तसे पत्र संचालक मंडळाच्या बैठकीची वाट न पाहता पाठवा.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. पॉलिसी आहे, पण तिची मुदत मार्चमध्ये संपते आणि सीएफओ त्याच महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यानंतर जुन्या काळाबद्दल समन्स आले तर?

विमा सल्लागार : या पॉलिसीत दावा ज्या वर्षी दाखल होतो, त्या वर्षीची पॉलिसी लागू पडते. त्यामुळे नूतनीकरणात "माजी अधिकारी" हे शब्द आहेत का ते पाहा आणि कंपनी त्यांच्यासाठी किती वर्षे विमा चालू ठेवील, हे त्यांच्या निवृत्तीच्या पत्रातच लिहून द्या.