मोपा ते मुंबई: अंतर अर्ध्या तासाचे, मग तिकिटावर सव्वा तास का?

मोतीतलाव (सावंतवाडी)
नमस्कार. पुढील महिन्यात माझी आई भावाकडे मुंबईस जाणार आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला रात्रभराचा रेल्वेप्रवास झेपत नाही, म्हणून तिला मोप्याहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, विमानाने पाठवायचे ठरवले आहे. दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर किती आहे? ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर अर्ध्या तासात पोचायला हवे, परंतु तिकिटावर सव्वा तास दाखवला आहे. विमान मध्ये कुठे थांबते का, असे आईने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

भूगोलवाला (कुडाळ)
विमान कुठेही थांबत नाही. अंतर घरीच काढता येते. मोपा सुमारे १५.७४ उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई १९.०९ वर. एका अक्षांशाचे १११ किलोमीटर धरले, तर उत्तर-दक्षिण फरक साधारण ३७१ किलोमीटर होतो. रेखांशांत जवळपास एका अंशाचा फरक आहे, आणि आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. या दोन बाजूंचा कर्ण म्हणजे जवळजवळ ३८६ किलोमीटर. हेच गणित गोव्याच्या जुन्या विमानतळासाठी, म्हणजे दाबोळीसाठी, केल्यास सुमारे ४२४ येते.

कर्लीकाठ (मालवण)
गणित बरोबर आहे, पण ८०० चा वेग या मार्गावर फार थोडा वेळ मिळतो. तिकिटावरील वेळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचे रखडणेही त्यातच आले. शिवाय दर हजार फूट खाली येण्यास साधारण साडेपाच किलोमीटर लागतात, म्हणजे २८,००० फुटांवरून उतरताना दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर त्यातच जाते, आणि १०,००० फुटांखाली वेग सहसा ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. विमाने वाऱ्याच्या तोंडावर उतरतात, आणि वारा बहुधा समुद्राकडून येत असल्यामुळे दक्षिणेकडून आलेल्या विमानाला जमिनीच्या बाजूने आकाशात वळसा घेऊन पूर्वेकडून शिरावे लागते. गर्दी असली की त्याआधी आकाशात घिरट्या. हा सगळा हिशेब धरूनच कंपन्या वेळ छापतात, त्यामुळे एखाद्या दिवशी विमान वीस मिनिटे आधीच टेकले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

मोतीतलाव (सावंतवाडी)
आभारी आहे. आईला कर्णाचे गणित पटले नाही, घिरट्या मात्र लगेच पटल्या. घरातून किती आधी निघावे?

बांदेकरीण (बांदा)
आम्ही सावंतवाडीहून मोप्यापर्यंत पाऊण तास धरतो, पावसात एक तास. बहुतेक कंपन्यांचे सामान घेण्याचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, म्हणून तीन तास आधी घर सोडलेले बरे. गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा. ऐनवेळी मागितल्यास वाट पाहावी लागते. आणखी एक, भावाला टर्मिनल कोणते ते तिकिटावरून वाचून सांगा. आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला आहे, त्यामुळे नुसते "मुंबई" म्हणून भागत नाही. माझे काका विमानातून उतरून सांताक्रूझच्या टर्मिनलबाहेर उभे होते आणि त्यांना न्यायला आलेली गाडी त्याच विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवर, सहारला; मोप्याहून यायला लागला नाही इतका वेळ त्यांना एकमेकांना शोधण्यात लागला.