शाईच्या पानांत वाचकांनी रंग भरावेत असं वाटतंय. फाईल कशी द्यावी, अटी काय ठेवाव्यात?

काजळकाडी:
लोकहो, जुन्या नाशकातला एक वाडा आणि तिथले भाडेकरू यांच्यावर मी वेबकॉमिक काढते. कार्ट्रिज पेपर, टाक, शाई आणि एक झिजलेला ब्रश, एवढाच संसार. रंग आजवर दिला नाही. नोकरी सांभाळून आठवड्याला एक पान हातावेगळं होतं तेच खूप, आणि खरं सांगायचं तर माझा जीव रेषेत रमतो. रंग भरायला बसलं की जांभया येतात.

पण आता गोष्ट रंगपंचमीपाशी येऊन ठेपली आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे धुळवडीला नव्हे, पंचमीला रंग खेळतात, आणि जुन्या गावात तो रहाडीत. रहाड म्हणजे पेशवाईतला जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर बुजवलेला, वरून गाड्या जातात. पंचमी आली की उकरून काढतात, पूजा होते, फुलं उकळून केलेला रंग पाण्यात पडतो आणि मग काठावरून धप्पा! माझ्या शाईत ही रहाड पावसाळ्यातल्या खड्ड्यासारखी दिसते. कितीही रेघोट्या मारा, माणसं एवढ्या आनंदाने उड्या कशात घेताहेत ते कळतच नाही.

म्हणून या भागाची सहा पानं वाचकांपुढे ठेवावीत, हौस असेल त्याने मोबाइलवर, कॉम्प्युटरवर रंगवावीत असं डोक्यात आहे. एका शाळकरी मुलाने न सांगताच एक चौकट रंगवून पाठवलीसुद्धा. घरमालकाचं टक्कल पोपटी! मला बेहद्द आवडलं. पण सगळ्यांना मोकाट सोडावं का? फाईल जेपीजी चालेल? आणि पुढेमागे पुस्तक निघालंच, तर या रंगीत पानांवर हक्क कोणाचा?

उंटवाडीचा रंगारी:
ताई, जेपीजी अजिबात नको. त्यात रेषेच्या कडेला करडी धूळ बसते आणि बादलीच्या टूलने (एका टिचकीत बंद भाग भरणारं) रंग ओतला की रेषेलगत पांढरी किनार उरते. लोक ती पुसत बसतात आणि तिसऱ्या चौकटीला कंटाळून सोडून देतात. पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करा, लेव्हल्स (उजेड-अंधार बदलायची पट्टी) ओढून कागद पांढराशुभ्र करा. मग दोन फाईली द्या. एक लेयरवाली, म्हणजे एकावर एक थर असलेली: वर रेषा, तिचा मोड मल्टिप्लाय (पांढरं गायब होऊन खालचा रंग दिसतो) आणि लेयर लॉक, खाली रंगासाठी रिकामा लेयर. दुसरी मोबाइलवाल्यांसाठी, नुसती रेषा ठेवलेली पारदर्शक पीएनजी, ए-फोर मापात ३०० डीपीआय म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. याहून मोठी दिली तर साधे फोन लेयर वाढले की रडतात.

तुमची मागची पानं पाहिली. ब्रश सुका झाला की रेषा तुटते. दिसायला ती झकास, पण तिथूनच रंग गळतो. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये कलराइज मास्क आहे, प्रत्येक भागात रंगाचा एकेक फराटा मारायचा, उरलेलं ते भरून घेतं. गिम्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बादलीत लाइन आर्ट डिटेक्शन आहे, ते अशा फटी बुजवतं. दोन्ही फुकट आहेत. सूचनेत हे लिहाच.

आणि एक कळकळीची विनंती. तुमच्या चित्रात सावली आधीच आहे, रेघांच्या जाळीने दिलेली. वाड्याच्या जिन्याखालचा तो अंधार बघा. त्यावर लोक ग्रेडियंटची (गडद-फिकट विरत जाणाऱ्या रंगाची) दुसरी सावली घालतात, तीही भलत्याच बाजूने. मग दिंडी दरवाजातून ऊन डावीकडून येतंय आणि तुमच्या कॉमिकमधल्या आजींच्या नाकावर चमक उजवीकडे! सपाट रंग द्या म्हणावं. चित्र काळ्या-पांढऱ्यासाठी काढलेलं आहे, रंगाने तिथे पाहुण्यासारखं वागावं.

कागदोपत्री:
हक्काबद्दल. रेषा तुमची, त्यामुळे तुमच्या परवानगीशिवाय कोणी ती रंगवून प्रसिद्ध करू शकत नाही. पण रंगवणाऱ्याने स्वतःचं म्हणून जे घातलं, त्यावर तुमचा आपोआप हक्क होत नाही. नंतर शोधत फिरण्यापेक्षा पान पाठवतानाच लेखी परवानगी घ्या, साध्या ईमेलवर. नुसतं 'वापरा' लिहून भागत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हेच कलम ३०-अ मुळे परवान्यालाही लागू होतं. तेव्हा मुदत, प्रदेश, छापील पुस्तक आणि श्रेय, सगळं स्पष्ट लिहा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना अटींवर वापरू देणारा तयार परवाना) अव्यावसायिक प्रकार लावायचा मोह होईल. लावा, पण मग लोकांची रंगीत पानं त्याच परवान्यावर आली की विकायच्या पुस्तकात तुम्हालाही ती थेट घालता येणार नाहीत. पोपटी टक्कलवाल्याच्या आईवडिलांची संमती घ्या. १८च्या आतल्या मुलाशी केलेला करार आपल्याकडे टिकत नाही.

तिवंध्याचा पोऱ्या:
बाकी तुमचं चालू द्या, रहाडीचा रंग मात्र कोणाच्या मर्जीवर सोडू नका! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आहे. आमच्या जुन्या नाशकातल्या तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी. मागच्या भागात वाड्याच्या गच्चीवरून जे वळण दाखवलंय ते तिवंध्याचंच आहे, मी डोळे मिटून सांगतो. तिथे कोणी निळं पाणी भरलं तर ते कॉमिक नाही, जलतरण तलाव झाला. आणि धप्पा मारून वर आलेला माणूस नुसता ओला नसतो, नखशिखांत पिवळा असतो, दातसुद्धा. बनियन पांढरं ठेवणारा नाशिकचा नव्हेच.

काळारामाचं देऊळ मागे दिसत असेल तर तेवढं कोणी रंगवू नका. काळा दगड आहे, तुमची शाई पुरे.

काजळकाडी:
पोऱ्या, वळण बरोबर ओळखलंत, तिवंधाच. तर अटी दोनच ठेवते, रहाड पिवळी आणि रंग सपाट. टक्कल, भिंती, आभाळ, ज्याला जे सुचेल ते. आजींबद्दल मात्र सूचनेत एक ओळ घालणार आहे. त्या विधवा आहेत म्हणून त्यांचं लुगडं आपोआप पांढरं करू नका. मी काढताना ते कधीच पांढरं धरलेलं नव्हतं.

रंगारीदादा, सुका ब्रश सोडणार नाही, फटींचं तुमचं तुम्ही बघा! लेयरवाली फाईल आधी तुम्हाला पाठवते, एकदा उघडून बघाल का? कागदोपत्री, परवानगीचा मसुदा याच धाग्यात टाकते, मुदत दहा वर्षं आणि प्रदेश जगभर असा. पुस्तकात प्रत्येक पानाखाली रंगवणाऱ्याचं नाव येईल. मुलांची पानं पालकांच्या ईमेलवरूनच घेईन.