पोर्टर बिअरमधला आंबटपणा माल्टचा की बिघाडाचा?

मदत हवी आहे. लंडनमध्ये घेतलेली इंग्लिश पोर्टर, म्हणजे भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) काळसर बिअर: ५.४ टक्के अल्कोहोल, ५०० मिली, तळाशी यीस्ट असलेली, मुदत संपायला चार महिने बाकी. फ्रिजमधून काढून ४ अंशांना चाखली तर नुसती कडवट, पाणचट. १२ अंशांवर चॉकलेट, टॉफी, भाजलेल्या पावाचा वास छान उलगडला. पण घोट संपताना आंबट झणका लागतो. ग्लास बदलला, गाळ बाटलीतच ठेवला, दुसरी बाटली उघडली. तेच. फेस उसळला नाही. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वासही नाही. काळ्या भाजक्या माल्टला थंड कॉफीसारखा थोडा आंबटपणा असतोच, पण इतका? आंबटपणा मोजायला पीएच मीटर नाही. मग माल्टचा आंबटपणा आणि जंतूंनी आणलेला, हे नुसत्या चवीवरून वेगळे कसे ओळखायचे?