तौसुग मुलांच्या शाळेतून मातृभाषा काढली, हे बरोबर झालं का?

सागरवेल
फिलिपिन्सच्या दक्षिण टोकाला, बोर्निओच्या वाटेवर सूलू बेटं आहेत. तिथले तौसुग म्हणजे हाडाचे दर्यावर्दी मुसलमान. पंधराव्या शतकापासून त्यांची स्वतःची सल्तनत. राजधानीचं होलो ताब्यात घेऊन तिथे ठाण मांडायला स्पॅनिश लोकांना १८७६ उजाडलं. तौसुगांची भाषा बहासा सूग, म्हणजेच तौसुग, आज दहा लाखांहून जास्त लोक बोलतात.

२०१२ मध्ये फिलिपिन्सने बालवाडी ते तिसरी मातृभाषेतून शिकवायला सुरुवात केली. पहिल्या बारा भाषांत तौसुग होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा आला आणि ते बंधन उठलं. परत फिलिपिनो ही राष्ट्रभाषा आणि इंग्रजी. स्थानिक भाषा नुसती मदतीला.

माझ्या मते हा सरळ अन्याय आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा केवढं रान उठलं, शेवटी सरकारला तो मागे घ्यावा लागला. होलोतल्या पोरांसाठी कोण बोलणार?

खडूस_मास्तर
तुलना गंडलीय. आपला वाद तिसऱ्या भाषेचा होता, मराठी शाळांचं माध्यम कोणी बदलत नव्हतं.

शिवाय कायदा पूर्ण वाचा. वर्गातल्या सगळ्या मुलांची मातृभाषा एकच असेल, तिची ठरलेली लेखनपद्धती, शब्दकोश, व्याकरण, वाचायला पुस्तकं आणि शिकवणारा शिक्षक असेल, तर त्या भाषेतून आजही शिकवता येतं. तौसुग-इंग्रजी शब्दकोश १९७५ सालीच निघालाय. होलोच्या शाळांना कोणी अडवलंय?

सागरवेल
मास्तर, तुम्हीच सांगा, ‘ऐच्छिक’ म्हटल्यावर आपल्या शाळांत काय काय उरतं?
आणि वेळ बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सूलूला बांगसामोरो या दक्षिणेतल्या मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेशातून बाहेर काढलं, कारण २०१९ च्या मतदानात सूलूने त्यात जायला नकार दिला होता. म्हणजे प्रदेशाच्या स्वतःच्या शिक्षण मंत्रालयाचं छत्र गेलं, आणि पुढच्याच महिन्यात हा कायदा. आता सगळं मनिलाच्या मर्जीवर.

नाखवा
सगळे तौसुगांना बिचारे ठरवून मोकळे झालात. सूलूत तेच वरचढ आहेत हो! सुलतान त्यांचा, दातू म्हणजे सरदार त्यांचे. चीनला जाणारे मोती आणि सुकवलेल्या समुद्रकाकड्या (हे समुद्रातले प्राणी) यांचा व्यापार त्यांच्या हातात होता, पण पाण्यात बुड्या मारणारे बरेचसे सामा, म्हणजे तिथलेच वेगळी भाषा बोलणारे दुसरे लोक. सामांची घरं किनाऱ्याला लागून, पाण्यात खांब रोवून बांधलेली. काही पिढ्यान्‌पिढ्या होडीतच राहिले. बाजारात मासळी विकायची तर बोलायचं तौसुगमध्ये.

त्या बारा भाषांत सामांची भाषा नव्हती. म्हणजे सूलूतल्या सामा पोराच्या हातात ‘मातृभाषा’ म्हणून पुस्तक पडणार ते तौसुगचं. त्याच्यासाठी मनिला लांब आहे, दातूचा वाडा जवळ.

सागरवेल
नाखवा, मुद्दा वजनदार आहे, पण त्यावरचा उपाय सामा भाषेत पुस्तकं काढणं हा. तौसुगची काढून घेतल्याने सामांना काय मिळालं? दोघांनाही फिलिपिनो.

अडकित्ता
शाळेला फार भाव देताय राव. स्पॅनिशांनी तौसुग शिकवली नाही, अमेरिकनांनी तर शाळा इंग्रजीतूनच काढल्या. भाषा मेली का? १९०६ मध्ये बुद दाहो डोंगरावर अमेरिकन फौजेने शेकडो माणसं मारली, बायकापोरांसकट. १९७४ मध्ये लढाईत होलो शहर जळालं, लोक जवळच्या झांबोआंगा शहरात आणि मलेशियातल्या साबाला पांगले. तरी भाषा आहे.

ती टिकली घरात आणि मांडवात. सिंदिल ऐका. बांबूच्या पट्ट्यांचं गब्बांग वाजत असतं, गडी आणि बाई एकमेकांना जागच्या जागी पदं जुळवून टोमणे मारतात. आपल्या सवाल-जवाबाचीच जात. पिस स्याबित हा डोक्याला बांधायचा रुमालही असाच. सूलूतल्या पारांग गावच्या बायका कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात, समोर आराखडा नसतो. सगळे चौकोन-त्रिकोण डोक्यात, आणि एकेका रंगाचा धागा बोटाने हव्या तेवढ्याच जागी घालायचा. एका रुमालाला महिने जातात. दारहाता सवाबी यांना या विणकामासाठी २००४ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्या काय पाठ्यपुस्तकातून शिकल्या?

मोडीप्रेमी
अडकित्तांशी अर्धा सहमत. एक कोणीच काढलं नाही: लिपी. सल्तनतीची पत्रं अरबी वळणाच्या लिपीत आहेत, शाळेतली तौसुग मात्र रोमनमध्ये. पोरं कुराणासाठी मदरशात अरबी अक्षरं गिरवतात, पण त्याच अक्षरांत आपली भाषा वाचायला शाळा शिकवत नाही. मग शाळेने वाचवलं ते नेमकं काय?

खडूस_मास्तर
मोडी सोडून आपण बाळबोधवर आलो, म्हणून मराठी बुडाली नाही. लिपीसाठी गळे काढू नका.

अडकित्ता, घरात टिकते हे होलोत ठीक. झांबोआंगात पोर दाराबाहेर पडलं की चाबाकानो ही स्पॅनिश मिसळलेली बोली, साबात मलय. तिथे नातवाला सिंदिलमधला टोमणा कळणार नाही. पण या २०१२ च्या योजनेने तरी त्यांना काय दिलं? झांबोआंगाच्या मिश्र वर्गात शिक्षकाने कोणाची मातृभाषा धरायची? आणि आई-बाप तर पुढच्या नोकरीकडे बघून आधीच इंग्रजी मागतात. मी पालकसभा घेतल्यात, मला सांगू नका.

सागरवेल
मिश्र वर्गात अडचण आहे, मान्य. होलोच्या वर्गात काय अडचण होती, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.