धाकट्याला थांबवू की जाऊ देऊ?

कातळावरचा

राजापूर तालुक्यात आमचं गाव. मी ३३ वर्षांचा, गावीच असतो. आयटीआय करून दोन वर्षं रत्नागिरीत काढली, मग बाबांच्या गुडघ्यांनी संप केला आणि परत आलो. हापूसची दीडशे कलमं, थोडी काजू, पावसात खाण्यापुरता भात. धाकटा २२ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चाकणच्या एका कारखान्यातून त्याला पत्र आलंय, हातात १८ हजार. एक तारखेला हजर व्हायचंय.

बाबा म्हणतात जाऊ दे. आई काहीच बोलत नाही, म्हणजे तिलाही तेच हवंय. मला वाटतं त्याने राहावं.

हिशोब लपवत नाही. चांगल्या सालाला अडीचशे पेट्या होतात. मार्चमध्ये वाशीच्या घाऊक बाजारात पाच डझनाच्या पेटीला पाच-सहा हजार मिळतात, पण मार्चमध्ये माझ्याकडे पेट्या असतात किती, तर पंधरा-वीस. खरा माल मेमध्ये उतरतो आणि तेव्हा तीच पेटी हजार-बाराशेला जाते. उरलंसुरलं कॅनिंगला किलोवर. सगळं मिळून चार लाख. त्यातून सात-आठ फवारण्या, खत, राखणीचे नेपाळी गडी, खोके, पेंढा, ट्रकभाडं, हमाली वजा केली की एक लाख ऐंशी हजार. वाईट साल म्हणजे ऐंशी पेट्या आणि औषधवाल्याची उधारी. हल्ली पाऊस दिवाळीतही हलत नाही, थंडी उशिरा येते, पहिल्या मोहोराची फळं धरतात न धरतात तोच दुसरा मोहोर फुटतो आणि ती गळून जातात. वर फुलकिडे.

मग त्याला थांब कशाला म्हणतोय? दोघं असलो तर वाशीच्या दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची, वाट बघत बसायला नको. एक जण बागेत, एक जण गाडी घेऊन कोल्हापूर-पुण्याला, माल थेट घरोघरी. आज मी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडावर असतो आणि खिशात फोन वाजून वाजून बंद पडतो. तो गिऱ्हाईकाचा असतो.

आणि दुसरं. आमच्या वाडीत बावीस घरं. गणपती-शिमगा सोडला तर नवांत दिवा लागतो. धाकटा गेला की आमच्याकडेही हातपाय धड चालणारा मी एकटाच. बोला.

विरारची शेवटची लोकल

जाऊ दे. मी तुझ्याच तालुक्यातला. १९९४ ला मुंबईत आलो तेव्हा कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून चार वर्षं होती. रात्रभर एसटीत उभा राहून आलो. विरारला वन रूम किचन घ्यायला अठरा वर्षं लागली. पहाटे ४:५० ची गाडी पकडून घाम गाळलाय, त्यामुळे मुंबईची आरती मी ओवाळणार नाही.

पण तुझ्या हिशोबात एक रक्कम राहिली. तुझा पगार. एक लाख ऐंशी हजार दोन भावांत वाटले तर महिन्याला साडेसात हजार पडतात. तेही चांगल्या सालाला. उद्या दोघांची लग्नं झाली की?

लग्नावरून आठवलं. "मुलगा गावी असतो" म्हटल्यावर पुढचं बोलणं किती वेळ चालतं, हे तुला ३३ व्या वर्षी मी सांगायला नको.

आणि अजून एक. २०१५ साली रात्री अकराला माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर जागेवर नव्हते. कंपाउंडर म्हणाला कोल्हापूरला हलवा. अणुस्कुरा घाट, वर धुकं. घाट चढून झाला आणि वडील गेले. मी विरारला होतो म्हणून पोचलो नाही, असं तू म्हणशील. मी गावात असतो तरी डॉक्टर नव्हताच.

कातळावरचा

वाईट वाटलं, दादा. पण एक विचारतो, रागावू नका. गाडी कोणी चालवली?

विरारची शेवटची लोकल

चुलतभावाने. आता तो पण नालासोपाऱ्यात आहे.

आकडेमोड

२००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत राज्यातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गही खाली आला. तिसरा जिल्हा मुंबई शहर! म्हणजे आपले लोक ज्या लालबाग-परळला गेले तिथूनही पुढे उठले आणि विरार, बदलापूर, दिव्याला जाऊन टेकले. एकदा निघालेला माणूस निघतच राहतो, असं आपलं माझं मत.

सिंधुदुर्गात विमानतळ आला, दोन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आलं. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यावर न बोललेलं बरं. त्यामुळे २०१५ चं उदाहरण आज जसंच्या तसं लावू नये एवढंच.

विरारची शेवटची लोकल

कॉलेज रत्नागिरी शहरात आहे. राजापूरच्या आतल्या वाडीतून रात्री अकराला निघून बघा एकदा.

घरचं घर, पाहुण्यांचं भाडं

होमस्टे काढा! चुलीवरचं जेवण, सोलकढी, रायवळ आंब्याचं रायतं. कातळशिल्पं बघायला लोक येतायत. भावाला मार्केटिंग दे.

कातळावरचा

काढला होता. दोन खोल्या, कमोड, गीझर. मेमध्ये पंधरा दिवस भरतो, तेव्हाच आंबा उतरत असतो. पावसात वीज गेली की गिऱ्हाईक गीझरवरून भांडतं. आणि चुलीवर कोण बसतं? आई. तिचे गुडघेही बाबांच्याच मार्गावर आहेत.

माहेरवाशीण

मगाचपासून वाचतेय. भावाला थांबवू का, भाऊ गेला तर काय, दोन भावांत किती. तुम्हाला बहीण नाही का हो?

आकड्यांवर बोलणाऱ्यांनी एक आकडा सोडला. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. लोक ह्याचं कौतुक करतात, कोकणात बघा मुली कशा जगवतात. जगवतात हे खरंच. पण पुरुष मुंबईला होते हेही तितकंच खरं. माझी आजी पन्नास वर्षं गावी राहिली. राहू का जाऊ हा प्रश्न तिला कुणी घातला नाही. आजोबा गिरणीत, घरी मनीऑर्डर, तिने तीन पोरं, दोन म्हशी आणि एक आजारी सासू सांभाळली. गाव टिकवलं गाव टिकवलं म्हणतात ते हेच.

आता माझं. मी दापोलीला शेतीचं शिकले, कृषी विद्यापीठात. कोय कलम बांधायला हात बसला होता माझा. कोयीतून रोप वर येतं, पानं अजून तांबडी, देठ कोवळा असतो, तेव्हाच ते कापून मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी आवळायची. सैल राहिली तर पाणी जातं, जास्त आवळली तर देठ चेपतो. शंभरातली ऐंशी माझी जगायची. भाऊ बी.कॉम. झाला होता. बाग कुणाला मिळाली ओळखा.

१९९४ च्या राज्याच्या कायद्याने आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे, हे मला माहीत होतं. तरी निबंधकांच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली. माहेर तुटू नये म्हणून. साडी मिळाली. हिरवी, चांगल्या काठाची. गेली अकरा वर्षं कल्याणला आहे आणि बाल्कनीत कढीपत्ता जगवतेय.

भाऊ आता बाग विकायला काढणार म्हणतो. मला राहायचं होतं हो. माणूस नाही म्हणून तुम्ही बोंबलताय, आणि राहायला तयार असलेलं माणूस तुमच्याच घरातून वाजतगाजत पाठवताय.

विरारची शेवटची लोकल

ताई, पटतं. पण खरं सांगा, तुमच्या नवऱ्याने गावी येऊन राहायला हो म्हटलं असतं?

माहेरवाशीण

नसतं. पण हा प्रश्न तुम्ही कातळावरच्याला विचारला नाहीत. त्याला फक्त "मुलगी मिळणार नाही" म्हणालात.

बांद्याचो

मी थोडक्यात सांगतंय. कोणी चाकण म्हणता, कोणी बाग म्हणता. माझो झील सकाळी मोटरसायकल घेवन गोव्यात जाता नि रातीक जेवक घराक येता. आमच्या वाडीतले धा-बारा जण असेच. मोपाचो विमानतळ झाल्यापासून आणखी वाढले. कोण आजारी पडलो तर गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलात न्हेतंव. पगार गोव्याचो, झोप घरची. घर सोडूक होयाच असा कोणी सांगल्यान?

कातळावरचा

काका, तुमच्या दारात गोवा आहे. माझ्या दारात कातळ आहे.

बालाघाट

मी बीडकडचा. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली, वाईट मानू नका. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की वाडीच्या वाडी उसाला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडावर. राहायचं की जायचं ह्यावर घरात बैठक बसत नाही, कारण उचल उन्हाळ्यातच खर्चून गेलेली असते. तुमच्या धाकट्याच्या हातात डिप्लोमा आहे, घरात दीडशे झाडं आहेत. तो गेला तरी आणि राहिला तरी उपाशी मरत नाही. त्याला कशाला एवढं धरून बसलाय?

गिरणीचा भोंगा

ह्या भावाशी मी निम्मा सहमत. माझे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा म्हणाले, महिन्याभरात मिटेल. मे महिन्यात ट्रंका घेऊन आम्ही गावी. घर होतं, भात होता, म्हणून जगलो. पण वडिलांना नांगर धरता येईना. साचा चालवणारा माणूस, चिखलात उभा राहिला की तोल जायचा. काका बांधावरून हसायचा. नंतर कळलं, काका घाबरला होता. इतकी वर्षं एकट्याने कसली ती जमीन, आता निम्मी मागतील.

२०२० ला हेच परत पाहिलं. मी ठाण्याहून गावी गेलो तर वेशीवर बांबू आडवा. पलीकडे माझाच वर्गमित्र. चौदा दिवस शाळेत झोपलो. त्याचं चुकलं असं नाही, घरात त्याची म्हातारी होती. पण गाव आपली वाट बघत असतं वगैरे माझ्या डोक्यातून त्या शाळेच्या फरशीवर गेलं.

म्हणून कातळावरच्या, भाऊ जाईल की राहील हे सोड. उद्या तो परत आला तर त्याचं काय आहे तिथे? सातबारा कुणाच्या नावावर आहे?

कातळावरचा

पणजोबांच्या. मग आजोबा आणि त्यांचे भाऊ, त्यांची पोरं. एकतीस नावं आहेत. त्यातली निम्मी वारली. बाकीचे मुंबई, बडोदा, एक जण मस्कतला. वाटणी झालेली नाही, प्रत्येक जण आपापली कलमं ओळखतो एवढंच. कर्ज काढायला गेलो की बँक सगळ्यांच्या सह्या मागते.

विरारची शेवटची लोकल

आणि ह्या जमिनीवर तू पोराला थांब म्हणतोयस.

आकडेमोड

शिवाय एजंट फिरतायत. एकतीस जणांतल्या एकाला गाठून त्याचा हिस्सा लिहून घेतात, मग बाकीच्यांच्या मागे लागतात. माझ्या आजोळी असंच झालं. आता कुंपणाच्या आत मामाच राखणदार आहे, पगारी.

कातळावरचा

काल रात्री धाकट्याशी बोललो. फवारणीचा पंप बिघडला होता, तो खोलून बसला होता, तेव्हा विषय काढला. मी कोल्हापूर, गाडी, थेट विक्री सगळं सांगितलं. तो वॉशर पुसत राहिला. मग म्हणाला, दादा, गाडी कुणाच्या नावावर घेणार? मी म्हटलं माझ्या, कर्ज माझ्यावरच मिळेल. म्हणाला, बाग बाबांची, गाडी तुझी, आणि मी?

मला उत्तर आलं नाही. पंप सुरू झाला मात्र.

एक तारखेला जातोय. चाकणला चाळीस पेट्या खपवतो म्हणाला, खोलीवर सहा जण आहेत, कारखान्यात ओळखी होतील. मी एप्रिलमधला माल त्याला देणार आहे, वाशीला नाही.

विरारची शेवटची लोकल

रूमवरचे सहा जण तीन पेट्या फुकट खातील. पैसे आधी घ्यायला सांग.

कातळावरचा

सांगितलंय.

माहेरवाशीण

माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत. बहीण आहे का?

कातळावरचा

आहे. मोठी, डोंबिवलीला. बाबा कलमं बांधायचे तेव्हा पट्ट्या कापून द्यायला तीच बसायची, हे तुमचं वाचल्यावर आठवलं. तिची सही अजून घेतलेली नाही. बाबा म्हणत होते, ह्या मे महिन्यात येईल तेव्हा कागद करून टाकू.

माहेरवाशीण

मग?

कातळावरचा

दुपारी फोन लावला होता, उचलला नाही. कामावर असते. रात्री लावतो.