रूबी ऑन रेल्स शिकून दुकानाची उधारी-वही बनवावी का? (जुना लॅपटॉप, वर्षाला ३००० रुपये)

सेलू_शिवार
नमस्कार मंडळी. सेलूत (जि. परभणी) आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडील बघतात. खरिपात बी, खत, औषध उधारीवर जातं आणि सोयाबीन-कापूस विकला की वसूल होतं. सगळा हिशेब तीन वह्यांत आहे. गेल्या दिवाळीत एकाची जमा दुसऱ्याच्या खात्याला लागली आणि वडिलांना चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की बाकी दिसावी, एवढं एक काम करणारं काहीतरी मला स्वतः बनवायचंय.

माझा डिप्लोमा झालाय. सी थोडंफार येतं, एचटीएमएल येतं. रूबी ऑन रेल्सबद्दल (रूबी भाषेतला, वेब सॉफ्टवेअर बनवायचा तयार सांगाडा) वाचलं आणि मन बसलं. पण रूबी भाषा अजिबात येत नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. खर्च वर्षाला ३००० च्या वर जाऊ द्यायचा नाही. वेळ रात्री नऊनंतर, लाइट असली तर. रेल्स घ्यावं का? घेतलं तर सुरुवात कुठून करावी?

जालना_६५
४ जीबीत काही होत नाही भाऊ. माझा मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे, त्याला मी मॅकबुक घेऊन दिलं, १६ जीबी. तो म्हणतो प्रोग्रामिंग करायचं तर मॅकच. थोडे पैसे जमव, हप्त्यावर घे, पण चांगली वस्तू घे. स्वस्तातलं शेवटी महागात पडतं.

नांदेडकर_पीएचपी
रेल्स कशाला? लारावेल शिका, पीएचपी भाषेतला तसाच सांगाडा. मी २०१६ पासून पीएचपीवर पोट भरतोय. तालुक्याच्या गावातला वेबसाइटवालासुद्धा पीएचपी चालवतो, अडलं तर विचारायला माणूस मिळतो. रेल्सवाला नांदेडात शोधून दाखवा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर) पीएचपी तयार असतं, फाइली चढवल्या की चालू. आणि क्लासच्या नादी लागू नका. मी एका क्लासला ४५ हजार भरले, सहा महिन्यांत त्यांनी शटर पाडलं. पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत.

अंबाजोगाई_ताई
मी कॉलेजात पायथन शिकवते, त्यामुळे जँगो, म्हणजे पायथनमधला तसाच सांगाडा, सांगणार हे उघड आहे. पण कारण ऐक. जँगो अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना रोज मजकूर भरायचा असे, म्हणून त्यात ॲडमिन पॅनेल आयतं येतं. तू फक्त गिऱ्हाईक आणि नोंद यांची रचना सांगायची. भरायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे पडदे तुला न लिहिता मिळतात. तुझ्या कामाला यापेक्षा सोपं दुसरं नाही. शिवाय पायथन पुढे नोकरीला उपयोगी पडेल.

धाराशिव_०७
पायथनला +१. आणि ४ जीबीत अवघड जाईल, वर कुणीतरी म्हटलंच आहे.

उदगीर_बाजार
माझी आडत आहे, वडिलांपासून. कॉम्प्युटर येण्याआधीही हिशेब बरोबर लागत होता, आजही लागतो. तुमची चूक वहीची नाही, वही लिहिण्याच्या पद्धतीची आहे. रोजकीर्दीत (रोजच्या व्यवहारांच्या वहीत) आधी ओळ पडली पाहिजे, मग खतावणीत (खातेवार वहीत) उतरली पाहिजे. घाईत थेट खतावणीत लिहिलं की एकाचं दुसऱ्याला लागतंच. आणि चुकलेली ओळ खोडायची नसते, उलटी ओळ टाकून फिरवायची. हे तुमच्या मशीनला शिकवणार असाल तर करा. नाहीतर वहीत काय वाईट आहे?

जालना_६५
काका, जमाना बदलला. खताला आता पॉस मशीन आहे, अंगठा लावल्याशिवाय पोतं मिळत नाही. सगळा हिशेब त्यातच असतो की.

सेलू_शिवार
सर, पॉसमध्ये अनुदानित खताची विक्री नोंदते. कोणाकडं किती उधार राहिलं ते त्यात येत नाही. बियाणं आणि औषधंही येत नाहीत. मॅकबुकचं सध्या जमणार नाही. उदगीरकर काका, खोडायचं नाही हे मी लिहून घेतलं. वडील खोडतात, आणि घोळ तिथूनच होतो.

परळी_वीज
मी रेल्सवर आठ वर्षं काम करतोय, घरूनच. प्रश्न रेल्सचा होता, म्हणून रेल्सबद्दल सांगतो.

आधी भाषा. रूबी जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोंनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणली. लिहिणाऱ्या माणसाला आनंद व्हावा हा त्यांचा हेतू, आणि तो पहिल्या दिवशीच जाणवतो. सी करताना तू प्रत्येक चलाचा (व्हेरिएबलचा) प्रकार आधी सांगायचास, ओळीशेवटी अर्धविराम द्यायचास. इथं दोन्ही नाही. रूबीत आकडासुद्धा वस्तू आहे, त्याला काम सांगता येतं. ५ ला म्हणायचं ‘टाइम्स’, की पुढचं काम पाच वेळा होतं. रेल्स त्यात आणखी भर घालतं: १५.डेज.अगो लिहिलं की पंधरा दिवसांपूर्वीची तारीख हातात येते. चलांची नावं देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे ‘बाकी = नावे - जमा’ ही ओळ रूबीत खरंच चालते.

आता रेल्स. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सननं बेसकॅम्प नावाचं काम-नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यातला पुन्हापुन्हा लागणारा भाग वेगळा काढला आणि २००४ मध्ये तो रेल्स म्हणून दिला. गिटहब (कोड ठेवायची जागा), शॉपिफाय (ऑनलाइन दुकानांची सेवा) यांची उभारणी याच्यावर झाली. रेल्सची सगळी गंमत ठरलेल्या रितीत आहे. जात्याला खुंटा कुठं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तसंच इथं. माहितीचे नियम मॉडेलमध्ये, पडद्यावर दिसायचं ते व्ह्यूमध्ये, आणि मागणी आली की कोणाला हाक मारायची हे कंट्रोलरमध्ये. मॉडेलचं नाव ग्राहक ठेवलं तर रेल्स स्वतःच समजतं की माहिती साठवायचा तक्ता ‘ग्राहक्स’ नावाचा असेल. तू रीत पाळलीस की निम्मं लिहायलाच लागत नाही. मोडलीस तर मात्र दिवसभर कपाळावर हात.

अंबाजोगाई_ताई
देवनागरी चलं पायथन ३ मध्येही चालतात, ते रूबीचं वेगळेपण नाही. आणि ‘ग्राहक्स’? इंग्रजी ‘एस’ चिकटवलेला मराठी शब्द रोज डोळ्यांसमोर? जँगोत अनेकवचनाचं नाव आपण देऊ शकतो.

परळी_वीज
ताई, रेल्समध्येही देता येतं, त्याला इन्फ्लेक्शन्सची, म्हणजे एकवचन-अनेकवचनाची, फाइल असते. ग्राहक्स वाचायला विचित्र आहे, चालायला बरोबर आहे. देवनागरीबद्दल एक अडचण मात्र खरी आहे. रूबीत क्लासचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावं लागतं आणि देवनागरीत कॅपिटल नाही. म्हणून क्लास रोमनमध्येच.

नांदेडकर_पीएचपी
नावावरून भांडण्यापेक्षा त्याला होस्टिंग कुठं मिळणार ते सांगा. रेल्सला आख्खा सर्व्हर लागतो.

हिंगोली_हळद
माझा अनुभव ऐकून घ्या, भाषा कुठलीही घ्या. मी हळदीच्या आवक-नोंदीसाठी एक पोरगा लावून असंच बनवून घेतलं. आमच्याकडं गाड्या पहाटे तीन-चारला लागतात. महिनाभरानं बघतो तर पहाटेच्या सगळ्या गाड्या आदल्या दिवशीच्या तारखेत! पोरानं घड्याळाची वेळ यूटीसीवरच (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवलेली. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, त्यामुळं साडेपाचच्या आतलं सगळं काल पडायचं. आख्ख्या महिन्याचं वजन परत मांडलं, बायकोनं आणि मी, दोन रात्री बसून. जँगो असो, रेल्स असो, दोन्हीकडं आधी यूटीसीच असते म्हणे. पहिल्या दिवशी ती बदला.

दुसरं, पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे साठणाऱ्या दशांश आकड्यात, ठेवू नका. आमच्यात क्विंटलचा भाव आणि किलोचं वजन गुणलं की पैशापैशांचा फरक निघायचा आणि शेतकरी म्हणायचा मला फसवू लालात. डेसिमल, म्हणजे अचूक दशांश, ठेवा.

परळी_वीज
हिंगोलीकरांचं दोन्ही सोळा आणे खरं. रेल्समध्ये ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये टाइम झोनला रोमनमध्ये ‘मुंबई’ लिहिलं तरी चालतं, ते नाव त्याला माहीत आहे. रक्कम डेसिमल, नाहीतर सरळ पैशांत पूर्णांक.

आणि उदगीरकर काकांचं म्हणणं तर पाठ करून ठेव. ग्राहकाच्या तक्त्यात ‘बाकी’ नावाचा रकाना ठेवूच नको. नोंदीचा तक्ता वेगळा, तीच रोजकीर्द. बाकी दर वेळी नोंदींची बेरीज करून काढायची, ती खतावणी. ‘ग्राहकाच्या अनेक नोंदी’ हे मॉडेलमध्ये एका ओळीत सांगता येतं. खोडायचं बटण पडद्यावरून काढून टाक.

होस्टिंग लागतच नाही. दुकान एक, लॅपटॉप एक. रेल्स नवा प्रकल्प सुरू करताना एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस देतं, म्हणजे सगळी माहिती स्टोरेज फोल्डरमधल्या एका फाइलीत. सर्व्हर लॅपटॉपवरच चालू करायचा, ०.०.०.० या पत्त्यावर बांधला की त्याच वायफायवरच्या वडिलांच्या मोबाइलवर उघडतो. इंटरनेट गेलं तरी चालतं. खर्च शून्य, फक्त बॅकअपला दोन पेनड्राइव्ह. पण सर्व्हर चालू असताना ती फाइल नुसती कॉपी करू नकोस. ताज्या नोंदी शेजारच्या ‘वॉल’ फाइलीत असू शकतात, कॉपीत त्या येणार नाहीत. आधी सर्व्हर बंद, मग कॉपी.

लॅपटॉपला विंडोज असेल तर बाजूला लिनक्स मिंट (फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) टाक, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. ४ जीबीला पुरतं. मिंट २१ मधून थेट मिळणारी रूबी ३.० आहे आणि रेल्स ८ ला किमान ३.२ लागते, तिथं लोक अडकतात. मिंट २२ घे, त्यात ३.२ मिळते. शिकायला रेल्सच्या संकेतस्थळावरचं सुरुवातीचं गाइड पुरे, फुकट आहे. पण पहिला आठवडा फक्त रूबी. आयआरबी (रूबीच्या ओळी लगेच चालवून बघायची खिडकी) उघडून ॲरे (यादी), हॅश (नाव-किंमत जोड्या) आणि ब्लॉक (कामाचा तुकडा) हाताखालून घाल. बरेच जण रूबी टाळून थेट रेल्सवर उडी मारतात, मग एरर आली की भाषेची चूक की रेल्सची हे कळत नाही.

जालना_६५
दुकानाचा लॅपटॉप बिघडला तर? क्लाउडवरच पाहिजे. मुलगा म्हणतो क्लाउड.

धाराशिव_०७
मी एकदा असंच एका फुकटच्या जागेवर टाकलं होतं. त्यांनी फुकट योजना बंद केली, माझं सगळं गेलं. बॅकअप पाहिजेच. आणि टाइम झोन बदला.

नांदेडकर_पीएचपी
माझं मत तेच. उद्या हा पोरगा नोकरीला परभणीबाहेर गेला तर दुकानात रेल्स कोण बघणार? हे त्यानं आज ठरवावं.

अंबाजोगाई_ताई
हा मुद्दा मला पटतो. बाळा, आवड म्हणून शिकतोस की दुकानासाठी, हे स्वतःशी नक्की कर. दुकानासाठी असेल तर मी अजूनही जँगोच म्हणेन.

उदगीर_बाजार
आणि वही वर्षभर सोबत चालू ठेवा. मशीन आणि वही दोन्ही जुळले की मग बघू.

सेलू_शिवार
तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं. ताईंचं आणि नांदेडकर सरांचं ऐकून मी जँगो आणि लारावेल दोन्ही दोन-दोन रात्री करून बघितले. जँगोचं ॲडमिन खरंच आयतं आहे. पण ते आयतं असल्यामुळं आत काय चाललंय ते मला उमगेना. परळीचे दादा सोडले तर रेल्स घे असं कुणीच म्हणालं नाही, तरी मी रेल्स घेतलंय. रूबी वाचताना मला वाक्य वाचल्यासारखं वाटतं, रात्री अकराला झोप येत असतानाही. नोकरीसाठी बाहेर जायचा विचार नाही, त्यामुळं बघणारा मीच आहे. वही काका म्हणाले तशी चालू आहे.

मिंट २२ टाकलं. पहिला आठवडा आयआरबीत घालवला. मग ग्राहक आणि नोंद यांचं स्कॅफोल्ड (रेल्स आयते काढून देतं ते पडदे) केलं, टाइम झोन मुंबई केला, खोडायचं बटण काढलं. रविवारी वडिलांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी एक नाव टाकलं तर यादीत एकाच गावचे त्याच नावा-आडनावाचे तिघे आले. म्हणाले, यातला विहिरीवाला कोणता? वहीत ते कंसात ‘विहिरीवाला’, ‘मास्तरचा’, ‘पांदीकडचा’ असं लिहितात. दिवाळीत चूक झाली ती याच तिघांत. आता तक्त्यात माहिती भरलीये, चाळीस खाती. रकाना वाढवायचा तर सगळं पुसून पुन्हा करावं लागेल का?

परळी_वीज
नाही, पुसू नकोस. याच्यासाठीच मायग्रेशन, म्हणजे तक्त्याची रचना बदलायची सोय, असतं. सर्व्हर बंद कर, फाइलीची कॉपी घे. मग रेल्स जनरेट मायग्रेशन ही आज्ञा देऊन ग्राहक्समध्ये ‘ओळख’ नावाचा स्ट्रिंग रकाना जोड, त्यानंतर डीबी मायग्रेट चालव. जुनी चाळीस खाती जशीच्या तशी राहतील, ओळख तेवढी रिकामी दिसेल. फॉर्ममध्ये आणि यादीत ती जागा तुलाच घालायची आहे. आणि कंट्रोलरच्या शेवटी परवानगी दिलेल्या रकान्यांची यादी असते, तिच्यात ओळख लिहायला विसरू नको. नाहीतर वडील विहिरीवाला भरतील, जतन झालं असंही दिसेल, आणि रकाना रिकामाच राहील.