एर्टिगा, हायब्रिड की टर्बो? जेव्हीएलआरवर रोज अडकणाऱ्याने काय घ्यावं?

मुलुंडचा_बाप
जुन्या वॅगनआरला चौदा वर्षं झाली, आता बदलायलाच हवी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सातवीतला मुलगा, आई-बाबा. रोज मुलुंड ते अंधेरी, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. वर्षातून तीनदा गुहागर. मारुतीच घ्यायची हे घरात ठरलंय, त्यावर कृपया धागा भरकटवू नका. प्रश्न एवढाच की एर्टिगा सीएनजी, ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) की फ्राँक्स टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवलेली).

माझं मत आधीच सांगून टाकतो. हायब्रिडचे पैसे आपल्या हयातीत वसूल होत नाहीत आणि टर्बो पळवायला मुंबईत रस्ता नाही. एर्टिगा घ्यावी, गॅस भरावा, मोकळं व्हावं. खोडून काढा.

डावा_गुडघा
खोडतो. एर्टिगा सीएनजी फक्त मॅन्युअलमध्ये येते. जेव्हीएलआरवर सीप्झपासून गांधीनगरपर्यंत संध्याकाळी सात वाजता क्लच किती वेळा दाबावा लागतो, मोजून बघा. मी सहा वर्षं मॅन्युअल चालवून शेवटी फिजिओथेरपीला पैसे दिले. ते तुमच्या हिशेबात कुठे धरणार?

दोन वर्षांपासून हायब्रिड व्हिटारा आहे. पवई तलावाशी गाड्या रांगायला लागल्या की इंजिन बंद होतं आणि गाडी मोटरवर सरकत राहते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे गारवा तसाच. कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते, मला शहरात २०-२१ पडतं. हायवेला फारसं वाढत नाही. नेहमीच्या गाडीच्या बरोब्बर उलटं. ट्रॅफिक जितकी वाईट, तितकी ही गाडी खूश.

गॅसवर_निवांत
गाडी खूश आणि मालक ईएमआय भरतोय 😄

उगाच भारावून जाऊ नका. ती यंत्रणा मूळची टोयोटाची, गाडी बनते टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात, त्यांच्याच हायरायडर गाडीची जुळी बहीण. आपण त्यावर मारुतीचा बिल्ला लावून मिरवायचं. आणि करात सवलत म्हणाल तर उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्रात ती पेट्रोलच्याच रांगेत उभी.

एर्टिगाला लोक 'टॅक्सी दिसते' म्हणून नाक मुरडतात. टॅक्सीवाल्याइतका पैशाचा हिशेब कोणाला कळतो हो? तो दिवसाला दोनशे किलोमीटर मारतो आणि एर्टिगाच घेतो. यात सगळं आलं.

डावा_गुडघा
टॅक्सीवाला पंपावर पाऊण तास रांगेत उभा राहतो कारण तो त्याचा धंदा आहे. मी ऑफिसला उशिरा पोचलो तर मला कोणी वेटिंग चार्ज देत नाही.

चिपळूणची_सून
तुम्ही दोघं भांडा, पण डिकी उघडून बघितलीय का कोणी?

एर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर जागा उरते. सीएनजीची टाकी तिथेच बसते. म्हणजे सात माणसं बसली तर सामान मांडीवर. गेल्या गणपतीत आमच्या दिरांच्या गाडीत हेच झालं: मखराचे भाग सासूबाईंच्या पायाशी, नारळाची पिशवी माझ्या मांडीवर आणि माणगावच्या जाममध्ये तीन तास. कोलाडपासून लेकाने 'आई पाय' एवढंच म्हटलं, खेडपर्यंत.

व्हिटाराही धुतल्या तांदळाची नाही. साध्या पेट्रोलला ३७३ लिटरची डिकी, स्ट्राँग हायब्रिडला बॅटरीमुळे २६५. दोन मोठ्या बॅगा आडव्या टाकल्या की वर फक्त चकल्यांचा डबा. पाच माणसांची गुहागरची वारी म्हणजे येताना आंब्याच्या पेट्या आल्याच. त्या कुठे?

आणि पाच माणसांना सात सीट कशाला? दोन सीट वर्षभर मिटवून ठेवण्यासाठी?

मुलुंडचा_बाप
ताई, मुद्दा लागला. पण मिटवल्यावर टाकी असूनही सामानाला बरीच जागा होते, एवढं तरी मान्य करा. शेजारचे काका तर म्हणतात त्यांची पेट्रोल एर्टिगाही 'हायब्रिड'च आहे, मग वेगळी कशाला?

डावा_गुडघा
ती 'स्मार्ट हायब्रिड'. काकांना सांगा, सिग्नलला इंजिन बंद होऊन परत चालू होतं आणि निघताना थोडा हातभार लागतो, इतकंच. नुसत्या विजेवर ती एक फूटही सरकत नाही. शब्द एक, गाड्या दोन. या एका शब्दाने जितका गोंधळ घातलाय तितका जीएसटीनेही घातला नसेल.

चौथा_सिलिंडर
जीएसटीचं नाव काढलंच आहे म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २९ टक्क्यांवरून १८ वर आली. एर्टिगा आणि व्हिटारा दोन्ही ४० मध्ये. फ्राँक्स टर्बो ३९९५ मिलिमीटर, ९९८ सीसी. सरकारच सांगतंय काय घ्यायचं ते.

'टर्बो पळवायला रस्ता नाही' हे वाक्य वाचून हसू आलं. अटल सेतूवर १०० ची मर्यादा, कोस्टल रोडवर ८० ची, ते मलाही माहीत आहे. टर्बो वेगासाठी नाही. कुंभार्ली घाटात पाच माणसं, एसी चालू, पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि समोर रस्ता मोकळा दिसतोय जेमतेम सात-आठ सेकंद, तिथे ती हवी. फ्राँक्सला १४७.६ न्यूटन मीटर टॉर्क (गाडी खेचायची ताकद) २००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांवरच मिळतो. पेट्रोलवरच्या एर्टिगाला याहून कमी, तोही चार हजारांच्या वर गेल्यावर. म्हणजे दोन गिअर खाली टाका, इंजिन ओरडवा आणि देवाचं नाव घ्या. गॅसवर त्याहून कमी.

बाकी खरं सांगायचं तर मारुतीकडे स्पोर्टी म्हणावी अशी गाडी उरलीच नाही. २०१७ ची बलेनो आरएस तीन वर्षांत गेली. परदेशातली स्विफ्ट स्पोर्ट आपल्याकडे आलीच नाही. २०२४ च्या स्विफ्टमधून चार सिलिंडरचं इंजिन काढून तीनचं बसवलं, मायलेज वाढलं, गाणं गेलं. (माझं नाव का असं आहे ते आता कळलं असेल.) फ्राँक्स टर्बो हे त्यातल्या त्यात शेवटचं सुख.

गॅसवर_निवांत
उसाचा ट्रॅक्टर वर्षातून तीनदा. जेव्हीएलआर वर्षातून तीनशेदा. आणि जेव्हीएलआरला तुमची टर्बो पेट्रोल पिते.

डावा_गुडघा
तेच मी हायब्रिडबद्दल म्हणतोय! धागामालकांचाच हिशेब घ्या. वर्षाला १२,००० किलोमीटर. ट्रॅफिकमध्ये साधी ऑटोमॅटिक १२ देते असं धरा, हायब्रिड २०. हजार लिटर विरुद्ध सहाशे. चारशे लिटर वाचलं, लिटर शंभरचं धरलं तरी वर्षाला ४०,०००. सारख्याच सोयींच्या ऑटोमॅटिकपेक्षा अडीच-तीन लाख जास्त मोजले तर सात वर्षांच्या आसपास फिटतात. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. हयातीत वसूल होत नाही म्हणे.

गॅसवर_निवांत
ऑटोमॅटिकशी तुलना केलीत म्हणून फिटलं. माझ्या गॅसशी करा बघू.

डावा_गुडघा
गॅसशी केली तर मी हरतो, मान्य. पण मग माझा गुडघाही तराजूत टाका.

चिपळूणची_सून
@मुलुंडचा_बाप एक विचारायचं राहिलं. गाडी लावणार कुठे? मुलुंडच्या नव्या टॉवरमध्ये बहुतेक ठिकाणी स्टॅक पार्किंग असतं, म्हणजे वर-खाली होणाऱ्या लोखंडी पॅलेटवर एकावर एक गाड्या. आमच्याकडे एकाने मोठी गाडी घेतली, ती पॅलेटवर मावेना, चार महिने रस्त्यावर लावत होता.

मुलुंडचा_बाप
ताई, तुमच्या प्रश्नाने रविवार खाल्ला.

वॉचमनकडून चावी घेऊन पॅलेट वर आणवली. आमची खालची, खड्ड्यातली. खांबावर पिवळ्या रंगाने लिहिलंय 'कमाल उंची १६०० मिमी', त्यातला एक शून्य गंजाने गेलाय. व्हिटारा १६४५. एर्टिगा १६९०. फ्राँक्स १५५०. वॅगनआरही खरं तर मावायची नाही, ती इतकी वर्षं बाहेर गुलमोहराखालीच उभी असते, म्हणून आजवर कधी बोर्ड वाचलाच नव्हता.

वरच्या पॅलेटला उंचीची अडचण नाही. ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची, आणि त्यांच्याकडे सेडान आहे जी खाली आरामात बसेल. संध्याकाळी चहाला बोलावून अदलाबदलीचं विचारलं. ते लगेच तयार झाले, फक्त एक अट घातली: पुढच्या महिन्यापासून सोसायटीचा सेक्रेटरी मी व्हायचं.

बायको म्हणते, फ्राँक्सची टेस्ट ड्राइव्ह बुक कर.

चौथा_सिलिंडर
वहिनींना नमस्कार सांगा. मॅन्युअल चालवून बघा म्हणावं.

डावा_गुडघा
ऑटोमॅटिक!!